हसनाबादच्या आढीची मोहीम

राजूरच्या गणरायास वंदन करून, फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात हसनाबाद मुक्कामी आंब्यांची जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत ऐसीजे.

गुदस्त साली येथील कडूबाजी पाटलांनी राजूरच्या बाजारातून पिवळ्याधमक गालांचे आंबे आणिले, गव्हाच्या काडात आढी घातली, आणि अक्षय्य तृतीया उजाडण्याआधीच अवघी आढी नासली. बोल बागवान बदरोद्दीन यांच्या मालावर ठेविला. मग पितरांच्या पानावर शेजारीण गोजरबाईंनी दया करून दिलेला एक आंबा ठेवणे प्राप्त जाहले, आणि त्या एका आंब्याची कथा गोजरबाईंनी वर्षभर विहिरीवर सांगितली. सबब यंदा खाशा दुर्गाबाईंनी यजमानांस फर्मान सोडिले, की "अवो, औंदा पानावर गोजरबाईचा आंबा आला, तर पितरांना बी तुमचंच नाव सांगीन."

कडूबाजी पहाटेच गाडी जुंपून राजुरास दाखल जाहले आणि हात पुन्हा पिवळ्या गालांकडे चालला. तो बदरोद्दीन म्हणाले, "या पाटील! गुदस्ता माझ्या मालाला गावभर नावं ठेवली, अन् आज पुन्हा रंगच बघून राह्यले? गाल उन्हानं बी पिवळा होतो. देठापाशी खांदे भरले का बघा."

मग पाण्याची बादली मागविली आणि एकेक आंबा आत सोडिला. तरंगले ते कोवळे, त्यांस रजा दिली. बुडाले ते जून, त्यांस चाकरीस ठेविले. ऐसे शंभर आंबे, एकही न आपटता, गाडीत चढले.

घरी दुर्गाबाईंनी अंधाऱ्या खोलीत काड अंथरून, एकास दुसरा न टेकेल ऐसे थर लाविले आणि ताकीद दिली, की आठ दिवस आढीस कोणी हात लावू नये; पिकले की वासानेच कळते.

येथे खरा गनीम प्रकट जाहला. तो म्हणजे खुद्द कडूबाजींचा उजवा अंगठा. गुदस्ता रोज सकाळी, पिकला की नाही हे पाहावयास, त्याने आंबा न् आंबा दाबिला होता. यंदा पहिले दिवशी कडूबाजी उंबऱ्यावरून माघारी फिरले, तिसरे दिवशी हात मांडीखाली दाबून बसले, आणि सहावे दिवशी, मांजर हाकलण्याचे निमित्त करून, आत शिरले.

तृतीयेस आढी उघडली तो सुवास गोजरबाईंच्या अंगणापर्यंत पोहोचला. नव्याण्णव आंबे सोन्यासारखे. एकावर मात्र काळा खड्डा. दुर्गाबाईंनी यजमानांचा अंगठा धरून त्यात ठेविला. बराबर बसला.

"मंग गुदस्ता बी हाच व्हता का?"

कडूबाजी म्हणाले, "मांजर आल्तं."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पितर तृप्त जाहले, गोजरबाईंस एकाचे दोन आंबे परत गेले, जखमी आंबा कडूबाजींच्या ताटी पडला. आणि पुढील बाजारी, दुर्गाबाईंच्या हुकमाने, कडूबाजी बदरोद्दीन यांची माफी मागावयास राजुरास निघाले, ते अंगठा मुठीत मिटून.