चपलांचं कुळ

आमच्या शाळेत तुमची चप्पल हरवली तर शिपायाला विचारत बसू नका. सरळ जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जा. तिथं मोठ्या टेबलावर ती आपल्या भाऊबंदांत बसलेली असेल, आणि नववीच्या मुली वाकून वाकून तिला न्याहाळत असतील.

हा उद्योग म्हेत्रेबाईंचा. सजीवांचं वर्गीकरण शिकवायचं तर पुस्तक सगळ्यात शेवटी उघडायचं, हा त्यांचा हट्ट. आधी प्रत्येकीनं दाराशी काढलेली एकेक चप्पल आणून ढिगात टाकायची. मग प्रश्न सुरू. पट्टा आहे की नाही? असेल तर अंगठा आहे का? टाच उंच की सपाट? एकेका प्रश्नाला ढीग फुटत जातो आणि शेवटी प्रत्येक चप्पल आपापल्या जागी जाऊन बसते. "आता हेच बेडकाचं करा," असं म्हणून बाई फळ्यावर सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ, प्रजाती, जाती अशी वरून खाली उतरंड लिहितात.

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते. कविता ऐन रंगात आलेली असते आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "अगं, तळ बघितलास का तळ? नीट बघ की!" कवितेचा निकाल लागतो. मी कितीदा भांडले. काही उपयोग नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. शाळेच्या नियमाप्रमाणे त्यांनी बूट दाराशी काढले आणि हेडबाईंबरोबर वरच्या मजल्यावर गेले. परत येतात तो बूट गायब. मुलींनी ते ढिगात घेतले होते, आणि एकाची टाच झिजलेली, दुसऱ्याची शाबूत, म्हणून दोन बूट दोन वेगळ्या प्रजातींत टाकले होते. साहेब मोज्यांवर उभे. हेडबाईंचा चेहरा पांढराफटक. म्हेत्रेबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बूट कुठं जात नाहीत. पण झिजणं हा जन्मजात गुण नव्हे, हे मुलींच्या लक्षात येईपर्यंत थांबा." साहेब थांबले. काय करतील बिचारे, अनवाणी जाणार कुठं?

बाजारातही तेच. वांगी, टोमॅटो, बटाटे आणि मिरच्या एकाच कुळातल्या, तेव्हा शेजारी शेजारी मांडा, म्हणून म्हेत्रेबाई एका भाजीवाल्या मावशींच्या मागं लागल्या होत्या. मावशी पक्क्या. "व्हय, भावकी हाय म्हना की त्यांची. मग तर लांबच ठिवते. भावकी एका जागी आली की भांडनं लागत्यात." यावर म्हेत्रेबाई इतक्या खूश झाल्या की दुप्पट वांगी घेऊन आल्या.

डबा खातानाही सुटका नाही. माझ्या शेंगाचटणीला त्यांनी सगळ्यांदेखत चटणी मानायला नकार दिला. "तेल सुटलंय का हिला? नाही. म्हणजे हे दाण्याचं कूट, तिखट घातलेलं." सोलापूरच्या बाईला असं बोलायचं म्हणजे काय! आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही.

तर अशा ह्या बाई. शाळा सुटली की मात्र क्षणभर थांबायच्या नाहीत. कुणाच्या घरी नाही, कार्याला नाही. आम्ही काय काय तर्क लढवले. मला तर राहवतच नसे.

यंदा त्यांच्या वर्गातल्या मुलींचा चपलांचा प्रयोग अकलूजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला गेला. मुली हरखून गेल्या. एक मुक्काम होता, आणि बरोबर बाई असल्याशिवाय घरचे सोडणार नव्हते. म्हेत्रेबाई एका शब्दात नाही म्हणाल्या. मुली रडल्या, हेडबाई चिडल्या. शेवटी मला पाठवलं, समजूत घालायला. मी तरातरा निघाले. म्हटलं, आज हिला चांगली सुनावतेच.

जुळे सोलापुरातलं त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. दार त्यांनीच उघडलं. आत पलंगावर त्यांची आई बसलेली, लुगडं नीटनेटकं, कपाळावर विभूती. "या की, बसा," आजी मला म्हणाल्या. मग म्हेत्रेबाईंकडे बोट करून हळूच विचारलं, "ही कोन बाई हाय? सकाळधरनं घरात फिरतिया."

सुनावायचं विसरून मी चपला दाराशी काढल्या.

चहा टाकायला म्हणून बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "दोनेक वर्षं झाली. दिवसा शेजारच्या काकू बसतात, त्यांना ती ओळखते. मला नाही. रोज संध्याकाळी शिकवते. कधी उत्तर येतं, कधी नाही. एक दिवस खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रात्रभर बाहेर राहिले आणि परत आल्यावर तिनं मला घरातच घेतलं नाही, तर मी काय करू, सांगा."

मी म्हटलं, "अकलूजला मुलींबरोबर मी जाते."

"वर्गीकरण येतं तुम्हाला?"

"अजिबात नाही."

"मग या, तिच्या शेजारी बसा."

मी पलंगावर बसले. बाईंनी समोर खुर्ची ओढली. आईला त्या 'आई' म्हणत नव्हत्या. का, ते मला जरा वेळानं कळलं. तसं म्हटलं असतं तर उत्तरच फुटलं असतं.

"मी सजीव का निर्जीव?"

"बोलतियास की. जित्ती हायस."

"झाड का प्राणी?"

आजी हसल्या. "झाड कुटं च्या करतंय?"

"आता नीट बघ. तुझ्यात नि माझ्यात सारखं काय?"

आजींनी बाईंचा हात हातात घेतला. बोटं उलटीसुलटी करून पाहिली. मग कानाच्या पाळीला हात लावला, आणि तोच हात आपल्या कानाला. बराच वेळ. कुणाच्या उत्तराची इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती.

"माजाबी कान असाच हाय," आजी म्हणाल्या.

"मग मी कोण?"

"माजी आई हायस की तू."

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. बाईंनी मला नजरेनंच थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कुळ बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "आजच्याला पुष्कळ झालं."

मग आजींच्या केसांवरून हात फिरवत, शाळेत मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "भूक लागली का गं बाळा? वाढू का जेवायला?"