अबू इलियासचा जनरेटर

त्या दिवशी दुपारभर नायला इमारतीत दारोदार विनवण्या करत फिरली. "गीझर लावू नका, इस्त्री नको, कपड्यांचं मशीन तर मुळीच नको." संध्याकाळी परदेशातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवाचे निवड करणारे गृहस्थ फोनवरून तिच्या बँडचं वादन ऐकणार होते. रामझीची गिटार, वदीचे ड्रम आणि नायलाचा सिंथ-कीबोर्ड असा रॉक-इलेक्ट्रॉनिकचा संसार दहा वर्षं कसाबसा रेटला होता. आता रामझीने कॅनडाची बॅग भरली होती. निवड झाली तरच थांबेन म्हणाला होता, आणि तो गेला की बँड संपला, हे नायलाला पक्कं ठाऊक होतं.

बैरूतमध्ये सरकारी वीज तोंड दाखवायची ती पहाटे, सगळे घोरत असताना. बाकी दिवस गल्लीतल्या अबू इलियासच्या जनरेटरवर. एक गीझर जास्त झाला की तो बसकण मारायचा.

"तुमच्या या घरघरीनं माझ्या गाण्यांची माती केली," नायला अबू इलियासला नेहमी सुनवायची.

"अगं बाई, मी घरघरतो म्हणून तू वाजतेस," तो मिशीला पीळ देत म्हणायचा.

शेजाऱ्यांनी शब्द पाळला, पण संध्याकाळी शेजारीण उम्म घस्सान कॉफीची किटली घेऊन दारात हजर. "टीव्ही बंद, पंखा बंद. घरी बसून भिंती बघू का?" तिच्यामागून सगळी इमारत आली आणि मयताला आल्यासारखी गंभीर चेहऱ्याने भिंतीला टेकून बसली.

पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याच्या मध्यावर दिवे लुकलुकले.

"आज संध्याकाळीच सरकारी वीज आली!" उम्म घस्सान किंचाळली. "जाईपर्यंत कपड्यांचं मशीन लावून घेते!" कप तिथेच टाकून ती पळाली, मागोमाग सगळेच. खाली जनरेटर गप्प झाला.

सिंथ पुन्हा चालू करून नायलाने गाणं उचललं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. सूर अधांतरी लोंबकळत होते. दहा वर्षं नकळत तिने आपला खर्ज त्या घरघरीवरच लावला होता. कसंबसं गाणं संपवलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "पहिल्या गाण्यात खाली एक खोल, सलग सूर होता. तो वाजवणारा कुठे गेला?"

रामझी गंभीरपणे म्हणाला, "त्यांची ड्यूटी संपली."

"त्यांना घेऊन या. त्यांच्याशिवाय नको."

बकलाव्याच्या मिठाईचा डबा घेऊन नायला खाली धावली. अबू इलियास थंड पडलेलं मशीन पुसत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी आलो तर इथे दिवे कोण लावणार?"

"तुम्ही नका येऊ. नुसता आवाज रेकॉर्ड करून नेते."

"नुसता? दहा वर्षं त्याच आवाजाला शिव्या घातल्यास."

"चुकलं माझं, अबू इलियास."

तेवढ्यात सरकारी वीज गेली. गल्ली अंधारली. अबू इलियासने बटणावर हात ठेवला, पण दाबलं नाही.

"पोस्टरवर माझं नाव कितवं?"

"चौथं."

हात तसाच राहिला. वरून उम्म घस्सान ओरडली, "अरे अबू इलियास, कपडे फेसात अडकलेत रे!"

"बरं, पहिलं," नायला म्हणाली.

जनरेटर घरघरला. वरच्या खिडकीत रामझीने, कुणी न सांगता, त्याच सुरात गिटार धरली.