गेंदाबाईचा कट

ग्लेंडा पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा बसायच्या आधीच तिने पर्समधून एक पांढरा बॉल काढला आणि हॉलच्या फरशीवर सोडला. बॉल सोफ्याला वळसा घालून थेट फ्रीजखाली गेला. "तुमचं घर स्वयंपाकघराकडे झुकलंय," ती गंभीरपणे म्हणाली. माझे मिस्टर निजाम यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी घरमालकाला फोन केला.

पुढे कळलं, ती प्रत्येक नव्या जागी हेच करते. बँकेत केलं, शाळेच्या गॅदरिंगला केलं. जमीन कुठेच सपाट नसते असं तिचं म्हणणं होतं. सपाट वाटते तीच जास्त फसवते.

सौदीतल्या जेद्दात, अल अझीझिया वस्तीतल्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहायची. पंचावन्नच्या आसपास वय, आणि उन्हाने वाळवलेल्या कोकमाच्या सालीसारखी मान. अमेरिकेत ती व्यावसायिक गोल्फ खेळायची. आता शहराबाहेर, समुद्राकाठच्या मैदानावर इथल्या मुलींना शिकवायची. मी एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आधी तिचं डावं मनगट माझ्याकडे आलं, मनगटामागून ती आली.

निजामचं बलदमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या शहरात, जानमाजांचं, नमाजाच्या चटयांचं, दुकान आहे. त्यांना काही केल्या 'ग्लेंडा' म्हणता येईना. आधी ते 'गेंडाबाई' म्हणाले. मी डोळे वटारल्यावर 'गेंदाबाई'वर तडजोड झाली. गेंदाबाई म्हणजे चेंडूवाली बाई, हे मी तिला समजावलं तेव्हा ती अशी खूश झाली की बेलच्या बटणावर तिने तेच नाव लिहून लावलं.

अंतर ती कधी मीटरमध्ये सांगत नसे. "बकाला इथून सात नंबर," म्हणजे सात नंबरच्या काठीने मारलेला बॉल जिथे पडेल तिथे किराण्याचं दुकान. टॅक्सीवाल्यांनाही ती असाच पत्ता सांगायची आणि मग सगळीकडे उशिरा पोचायची.

अरबी तिला दोनच शब्द येत: खलास आणि यल्ला. संपलं, आणि चला पुढे. गोल्फमध्ये याहून जास्त काही शिकण्यासारखं नाही, असं ती म्हणे. पोळी करपली की खलास, यल्ला. पगार लांबला की खलास, यल्ला. नवरा सोडून गेला ती हकीकतही तिने मला याच दोन शब्दांत सांगितली होती, आणि मग बोंबलाचा काटा काढत बसली होती.

तिच्या खेळाची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. वडील गावच्या छोट्या मैदानावर गवत कापायचे, तिथेच ती शिकली. मग जुनी गाडी घेऊन वर्षानुवर्षं गावोगाव स्पर्धा खेळत फिरली. हॉटेल परवडत नसे, म्हणून कुणाच्या तरी घरी उतरायचं, त्यांच्या मुलांच्या खोलीत झोपायचं. स्पर्धा चार दिवसांची. दोन दिवस झाले की कमी पडलेल्यांना घरी पाठवतात, त्याला म्हणायचं कट. मी म्हटलं, आमच्या मराठीत कट म्हणजे कारस्थान. ती म्हणाली, तुमची भाषा बरोबर आहे.

आमची मुलगी आयमन हिने एके दिवशी मोबाइलवर सगळं शोधून काढलं आणि जेवताना गेंदाबाईंच्या देखत म्हणाली, "मम्मी, शी नेव्हर वन एनीथिंग." मी टेबलाखालून आयमनला पाय मारला. ग्लेंडा मात्र शांतपणे म्हणाली की जिंकणारी एकच असते, बाकीच्या आम्ही मैदान भरायला. एकदाच ती शेवटच्या होलपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. मग बॉल तळ्यात गेला. "माशांना आवडला," ती म्हणाली आणि भात मागून घेतला.

गेल्या हिवाळ्यात तिच्याच मैदानावर बायकांची मोठी स्पर्धा भरली. शिकवणाऱ्यांपैकी एकीला खेळायला जागा होती, ती हिला मिळाली. मनगटातली कूर्चा पार झिजलेली होती. डॉक्टर नको म्हणाले. मीही म्हटलं, हात कायमचा जाईल, चमचासुद्धा धरता येणार नाही. हवामानाची बातमी ऐकावी तसं तिने ऐकलं आणि विचारलं, पट्टी बांधायला तू येशील ना?

मी रजा टाकून गेले. पहिला दिवस बरा गेला. तिच्या शिष्या अबाया सावरत तिच्यामागे मैदानभर फिरत होत्या. बॉल मारताना आपली बाई ओठ चावते हे त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी समुद्रावरून वारा सुटला आणि दुपारी मारता मारता काठी तिच्या हातातून निसटून वाळूत पडली. तिने ती उजव्या हाताने उचलली. राहिलेले होल तिने जवळजवळ एका हाताने पुरे केले. कट कितीतरी लांब राहिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, तिने टोपी काढली.

गाडीत बसल्यावर मी कँटीनमधून आणलेल्या बर्फाच्या बादलीत तिचा हात बुडवला. ती म्हणाली, "एक फोन लावून देशील? आईला. तिथे आता सकाळ झाली असेल."

तिला आई आहे हेच मला माहीत नव्हतं. नव्वदीच्या घरात, वृद्धाश्रमात, आठवण गेलेली. तिच्या लेखी ग्लेंडा अजून पंचविशीची आहे आणि गाडी घेऊन खेळत फिरतेय.

"मी ग्लेंडा म्हटलं की ती घाबरते," ग्लेंडा म्हणाली. "विचारते, हा म्हाताऱ्या बाईचा आवाज कुणाचा? म्हणून मी ग्लेंडाची मैत्रीण असते. रोज सांगते, ग्लेंडा खेळतेय." बादलीतले बर्फाचे तुकडे सरकवत म्हणाली, "काल आणि आज ते खोटं नव्हतं."

मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. पलीकडून बारीक, कोरडा आवाज आला. मैत्रीण बोलतेय म्हटल्यावर आवाजाने लगेच विचारलं, ग्लेंडा कशी खेळली.

"छान खेळली. कटमधून पुढे गेली. उद्याही खेळणार आहे."

"जेवते का नीट?"

"हो. एका घरी उतरलीय. चांगली माणसं आहेत, मासे करून घालतात."

पलीकडे नुसती खरखर झाली. मला वाटलं फोन तुटला.

"तिला म्हणावं, हाताला बर्फ लाव," म्हातारी म्हणाली. "माझं ऐकत नाही ती."

ग्लेंडा समोरच्या काचेकडे बघत होती. हात बादलीतच होता.

"सांगते तिला," ती म्हणाली.