आठ सेकंदांची शांतता

ईश्वर सर्वत्र आहे याबद्दल विद्वानांत मतभेद नाहीत. मात्र तो नीट ऐकू येण्यासाठी मायक्रोफोन कुठे टांगावा, याबद्दल फार आहेत. आमच्या सेंट ओडो कॉलेजच्या चॅपलमध्ये दरवर्षी एका बुधवारी नभोवाणीवाले येतात आणि आमची सायंप्रार्थना देशभर ऐकवतात. मी तिथला व्हर्जर, म्हणजे काळा झगा घालून, चांदीची काठी धरून गायकांच्या पुढे चालणारा माणूस. चालताना माझे पाय वाजत नाहीत. माझी तेवढीच पात्रता.

एरवी रोजच्या प्रार्थनेला अठ्ठावीस गायक आणि तीन भाविक असतात. पैकी एक पावसातून आत शिरलेला प्रवासी, एक झोपलेला भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी, आणि तिसऱ्या मिसेस हॅडो. खरोखर प्रार्थनेला येणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे गैरसोय त्यांचीच होणार हे उघड होतं.

कारण बाईंना खोकला होता. वीस वर्षं होता.

या खोकल्यावर आमची उपासना चालते. मृतांची नावं वाचून झाली की आमचे पाद्री, फादर ऑब्री, डोळे मिटून मिनिटभर शांत उभे राहतात. मिनिट संपल्याचं त्यांना घड्याळ सांगत नाही, मिसेस हॅडोंचा खोकला सांगतो. तो आला की फादर डोळे उघडून ‘आमेन’ म्हणतात आणि गायक सुरू होतात. ही पद्धत कुठल्याही ग्रंथात नाही, म्हणूनच ती बिनचूक चालते.

यंदा नभोवाणीचे निर्माते मिस्टर ग्रिम्बल चौदा मायक्रोफोन आणि एक सूचनापत्र घेऊन आले. निमंत्रित भाविकांनी (एकशे चाळीस) वाजणारे बूट घालू नयेत. पानं उलटू नयेत. सोबत गाऊ नये, गायक पुरेसे आहेत. प्रार्थना करण्यास हरकत नाही (मनात). खोकणाऱ्यांनी घरीच रेडिओ लावावा.

नेमका त्याच बुधवारी मिसेस हॅडोंच्या नवऱ्याचा स्मृतिदिन. लायनेल एकतीस वर्षं चॅपलच्या मेणबत्त्या लावत असे. बाईंची मागणी साधी होती: त्याचं नाव घ्यावं, आणि रोजच्यासारखं मिनिटभर शांत राहावं. ग्रिम्बल म्हणाले, नाव चालेल, पण शांतता आठच सेकंद. त्यापुढे मुख्य केंद्रातलं यंत्र समजतं की प्रसारण बंद पडलं, आणि आपोआप लष्करी बँडची ध्वनिमुद्रिका लावतं.

“आठ सेकंदांत आमच्या ह्यांचा एक बूटसुद्धा निघत नसे,” बाई म्हणाल्या.

फादरांनी मान डोलावली, ती ग्रिम्बलांकडे बघून. बाईंना दाराबाहेर खुर्ची दिली, पांघरूण दिलं, चहाही दिला. दार मी लावलं. मला लाज वाटली, पण काठी हातात असली की चेहरा आपोआप गंभीर राहतो.

कार्यक्रम सुरेख चालला. नाव घेतलं गेलं. फादरांनी डोळे मिटले आणि सवयीने खोकल्याची वाट बघू लागले. आठ सेकंद झाले. वेदीजवळ ग्रिम्बलांनी बसवलेला इशाऱ्याचा लाल दिवा उघडझाप करू लागला, पण मिटलेल्या डोळ्यांना तो दिसणार कसा? प्रार्थना करणाऱ्या पाद्र्याला ढोसण्याची तरतूद सूचनापत्रात नव्हती. मी पाय न वाजवता दाराशी गेलो आणि ते उघडलं.

“मिसेस हॅडो, खोका,” मी कुजबुजलो. “सगळं अडलंय हो.”

बाईंच्या मांडीवर नवऱ्याचं घड्याळ होतं. “अडू दे,” त्या म्हणाल्या. “अजून चाळीस सेकंद आहेत.”

वीस वर्षांत जो खोकला आवरला नव्हता, तो बाईंनी त्या दिवशी आवरला. मी दार धरून उभा राहिलो. आत एकशे चाळीस माणसं श्वास रोखून होती आणि देशभर लष्करी बँड वाजत होता. मिनिट भरलं तशा बाई पोटभर खोकल्या. त्या आवाजाने यंत्र शुद्धीवर आलं, बँड थांबला, आणि फादर म्हणाले, ‘आमेन’.

श्रोत्यांची तीनशे बारा पत्रं आली. दोनशे नव्वद जणांना बँडची योजना धाडसी वाटली (ग्रिम्बलांना बढती मिळाली). एकवीस जणांनी खोकल्यावर औषधं सुचवली, त्यांत नऊ जणांचा भर कांद्यावर होता. एका निवृत्त कर्नलांचा कुत्रा बँड ऐकून उभा राहिला होता.

नाव घेतलं तो माणूस कोण, हे एकानेही विचारलं नाही. मी बाईंना पत्रं दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “ऐकतात हो लोक. इस्त्री करता करता ऐकतात.” मला मात्र संताप आला, अजूनही येतो. खोकला ऐकू येतो, बँड आवडतो, आणि ज्याच्यासाठी बाई दाराबाहेर बसल्या त्याचं नाव कानावरून जातं.

तुमचं तसं नाही. तुम्ही लक्ष देऊन शेवटपर्यंत वाचलंत. तेव्हा वर न बघता सांगा बरं, मिसेस हॅडोंच्या नवऱ्याचं नाव काय होतं?