फायबरच्या डब्यांचे जाणकार

सटाण्याच्या बोरसेअण्णांनी मला, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याला, फसवलं. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं मग.

पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटीत अण्णा समोरच्याच दारात राहतात. टेलिफोन खात्यात त्यांनी जन्मभर केबल जोडल्या. रस्त्यावर फायबरचं काम दिसलं, की हा माणूस अनवाणी धावतो आणि कामगाराच्या हातातला जोडणीचा डबा हिसकावून घेतो. झाकण उघडतो, रबर दाबतो, वास घेतो. "पाणी शिरणार," म्हणत परत देतो. एका कंपनीचा डबा मात्र त्यांनी थेट माझ्या नाकाखाली धरला.

"शेठ, माल चोखा शे! घरोघरी इंटरनेट वाढणार, डबे लागणारच. शेअर घ्या. मीपण घेतोय."

दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. पण मीही कांदा असाच दाबून, हुंगून घेतो. घेतले शेअर.

शेअर पडला. पडतच गेला. इंटरनेट वाढलं, डबेही खपले. पण घेणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन-तीनच, त्यांनी भाव पाडून घेतला. लिलावात तीनच व्यापारी उभे असले की काय होतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? जन्मभर तिथे मीच उभा होतो!

रोज सकाळी मी तणतणत अण्णांच्या दारात. ते मात्र थंड. "आपली कंपनी वर येईल. दोघं दम धरू." मग खुर्ची पुढे सरकवायची, पेपरातली कात्रणं वाचून दाखवायची. माझा तास जायचा.

परवा मी विकायचं ठरवलं. म्हटलं, "द्या मोबाईल, तुमचेही विकून टाकतो."

अण्णा कात्रणं जुळवत बसले. "माझे नाहीत."

"कधी विकले?"

"घेतलेच नव्हते."

"मग रोज आपली कंपनी, आपली कंपनी काय लावलंय?"

"शेठ, दहा वर्षं समोर राहता. शेअर पडला, तेव्हा पहिल्यांदा या घरात आलात. म्हटलं, माझेही पडले म्हणालो तर बसाल जरा."

माझं डोकं फिरलं. अजून ताळ्यावर नाही. अण्णा, जाब द्या! "चहाला या," एवढं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? उत्तर मिळेपर्यंत मी रोज येऊन बसणार आहे.