लेक चीफ झाली

राजनंदिनी सांगलीच्या एका मोठ्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चीफ रेसिडेंट झाली. म्हणजे शिकाऊ डॉक्टरांतली थोरली. ड्युट्या लावायच्या, रजेवरून होणारी भांडणं मिटवायची आणि कुणीच तयार नसलं की स्वतः उभं राहायचं. वडूजला तिच्या वडिलांनी, निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी, फोनवर यातला ‘चीफ’ तेवढा ऐकला. फौजेत चीफ एकच असतो.

त्यांनी गावभर पेढे वाटले, रात्रभर जागून सत्काराचं भाषण पाठ केलं आणि सकाळी फेटा बांधून, मेव्हण्या मानसिंगला गाडी चालवायला घेऊन, न कळवताच मानसोपचाराची ओपीडी गाठली. दारात शिवतेज हा नवा डॉक्टर भेटला.

“बाबा, काय त्रास होतोय?”

“तरास कसला? माजी लेक हितली चीफ हाय. समद्या डाक्टरांना ऑर्डर सोडती!”

शिवतेजने मानसिंगला बाजूला घेतलं. “हे असं कधीपासून बोलतात?”

“झालं की दोन-चार दिस. काल तर डोळ्याला डोळा न्हाई. आख्ख्या गावाला पेढं वाटलं. पहाटं आरशाम्होरं भाषान.”

झोप नाही, खर्च अफाट, गोष्टी मोठमोठ्या. उन्मादाची सगळी लक्षणं पुस्तकाबरहुकूम जुळत होती. लेकीचं नाव विचारायचं मात्र शिवतेजला सुचलं नाही. पेशंट भरती करायचा तर चीफला दाखवायला हवा, म्हणून त्याने राजनंदिनीला बोलावलं. सोबत विभागप्रमुख सरही आले.

“दादा! तुमी हितं?” राजनंदिनीने वडिलांना विचारलं.

लालासाहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला. शिवतेजने भरतीचा कागद पाठीमागे लपवला. सर हसू दाबत होते, पण लालासाहेबांनी लेकीला नीट न्याहाळलं आणि त्यांचा हात हळूच खाली आला.

“नंदे, आगं किती वाळलीस? जेवतीस का न्हाई?”

“जेवते की.”

“आन् झोप?”

तिने जांभई दाबली.

“शेवटची रजा कधी घेतलीस?” सरांनी विचारलं.

“सगळ्यांना देऊन उरलीच नाही, सर.”

सर लालासाहेबांकडे वळले. “सुभेदारसाहेब, तुम्ही ठणठणीत आहात. पेशंट ही आहे. आठवडाभर घरी न्या.”

परतीच्या गाडीत तासगाव यायच्या आत राजनंदिनी वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लालासाहेबांनी चटकन उचलला.

“मॅडम, शिवतेज बोलतोय. आजच्या ड्युटीला कुणीच थांबत नाही. काय करू?”

“तूच थांब,” लालासाहेब हळू आवाजात म्हणाले. “ऑर्डर हाय.”

“कोण बोलतंय? ऑर्डर कुणाची?”

“चीफच्या बापाची.”

पलीकडून घाईघाईने उत्तर आलं, “येस सर.”