पन्नालालजींनी घेतलेलं लॅक्टोफेरिन

कुरिअरवाल्याने बर्फाचा डबा सज्जनबाईंच्या हातात दिला, तेव्हा जळगावात दुपारचे दोन वाजले होते. घरात कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, आणि झोपाळ्यावर पन्नालालजी अर्धवट झोपेत तरंगत होते. डबा माडीवर भाड्याने राहणाऱ्या रूपालीचा. फैजपूरची ही मुलगी पीएच.डी. करत होती आणि आज कामासाठी धुळ्याला गेली होती. सज्जनबाईंनी तिला फोन लावला.

"आलं का, अक्का? तीन महिने वाट बघतेय मी! आधी फ्रीजमध्ये ठेवा."

"ठेवते गं. पण आहे काय हे?"

"लॅक्टोफेरिन. दुधातलं प्रथिन. लोह पकडून ठेवतं ते."

"कोणाच्या दुधातलं?"

"गाईचं नाही, म्हशीचं नाही. दुधातला तो गुण भाताच्या रोपात उतरवतात आणि दाण्यातून काढतात."

फोन ठेवल्यावरही सज्जनबाई फ्रीजचं दार धरून त्या बोटाएवढ्या कुपीकडे बघत राहिल्या. त्यांना हिरवंगार शेत दिसू लागलं, वाऱ्यावर डोलणाऱ्या लोंब्या, आणि लोंबीलोंबीतून टपटपणारं दूध. हंबरणं नाही, शेण नाही. फ्रीज टुंटुं करू लागला तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. झोपाळ्यापाशी जाऊन त्यांनी नवऱ्याला ही सगळी नवलाई सांगितली आणि कूलरसमोर जरा आडव्या झाल्या.

तिथेच चुकलं. पन्नालालजींचं हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत नऊवर आलं होतं. झोपेत त्यांच्या कानात तीनच शब्द शिरले: दूध, लोह, भात. तिन्ही त्यांना चालणारे. सज्जनबाईंना जाग आली तेव्हा ते पेल्यातलं दूध संपवून ओठ पुसत होते आणि शेजारी कुपी रिकामी पडली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"दुधात टाकून घेतलं. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू!"

सज्जनबाईंनी पुन्हा धुळ्याला फोन लावला.

"माय वं!" रूपाली किंचाळलीच. "अक्का, ते फक्त प्रयोगशाळेसाठी असतं! कुपीवर लिहिलंय!"

"इंग्रजीत लिहिलंय ना गं!"

रूपालीने मिळेल ती एसटी पकडली. सज्जनबाईंनी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लेबल वाचलं, ब्लड प्रेशर बघितलं, नाडी बघितली. धोका दिसत नव्हता, तरी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं. जाता जाता विचारलं, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

पन्नालालजी छताकडे बघू लागले. पोट बिघडतं म्हणून त्यांनी महिन्यापूर्वीच त्या सोडल्या होत्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि दुसरं औषध लिहून दिलं.

पण पन्नालालजींच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. त्यांनी झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं. मग इस्त्रीचा सदरा चढवला. मग, सहा वर्षं गुडघ्यांचं कारण सांगून न चढलेला जिना चढून ते थेट गच्चीवर गेले. वरून हाक आली, "सज्जन, वर ये!"

सज्जनबाई जागच्या जागी थिजल्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती.

सहाच्या सुमारास रूपाली पोहोचली. पन्नालालजी ठीक आहेत हे कळल्यावर ती पायरीवर बसली आणि तिला रडूच फुटलं. "माझे तीन महिने गेले, अक्का. आता सरांना काय सांगू? ती गुलाबी पूड…"

"गुलाबी कुठली? पिठीसाखरेसारखी पांढरीशुभ्र होती."

रूपालीचं रडणं थांबलं. "पांढरी? मी लोह भरलेलं मागवलं होतं. त्याला गुलाबी झाक असते!"

तिने कंपनीला फोन लावला. कुपीवरचा नंबर सांगितला. पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचे आवाज आले, मग माफी आली. त्या कुपीत प्रथिन भरायचंच राहिलं होतं. होती ती प्रथिन टिकावं म्हणून सोबत घालायची साखर. खरी कुपी सोमवारी निघणार होती.

"म्हणजे आबांनी नुसती साखर घेतली!" रूपाली डोळे पुसत हसू लागली. "बरं झालं, अक्का. घाईत रंग न बघता हीच प्रयोगात वापरली असती तर माझं वर्ष फुकट गेलं असतं. थांबा, आबांना सांगते."

ती जिन्याकडे वळली, तर सज्जनबाईंनी तिचा हात धरला. गच्चीवर पन्नालालजी सतरंजी झटकत होते. उन्हं उतरली होती, आभाळ केशरी झालं होतं आणि ते बेसूर आवाजात काहीतरी गुणगुणत होते.

"गोळ्या सोडल्याचं त्यांनी मला महिनाभर सांगितलं नाही," सज्जनबाई हळूच म्हणाल्या. "मीपण महिनाभर नाही सांगणार."

आणि केसांवरून हात फिरवून त्या जिना चढू लागल्या.